कागदी नोट, बिटकॉइन आणि उधारीचा हिशेब

कापडाच्या धंद्यात रोखीचा माल थोडा आणि उधारीचा जास्त. ग्रे कापडाचे ताके गाडीत चढतात तेव्हा पैसा येत नाही, फक्त तारीख येते. साठ दिवस, नव्वद दिवस, कधी पुढची ईद. २०२१ च्या दिवाळीआधी आमच्या मालेगावातील एका तरुण व्यापाऱ्याला मी सहा लाख चाळीस हजारांचा माल साठ दिवसांच्या मुदतीवर दिला. त्याच्या वडिलांशी माझा तीस वर्षांचा व्यवहार आहे, त्यामुळे चिठ्ठीपलीकडे काही लिहून घेतले नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा स्पष्ट हुकूम आहे, हे ठाऊक असूनही घेतले नाही. ती चूक माझी.

मुदत संपली आणि पैसे आले नाहीत. दोनदा तगादा केला तेव्हा मुलगा दुकानात आला आणि त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. म्हणाला, "चाचा, पैसे बुडालेले नाहीत. इथे आहेत. भाव वर आला की व्याजासकट, म्हणजे माफ करा, नफ्यासकट देतो." त्याच्या पार्टीने त्याला डिसेंबरात पैसे दिले होते. एका बिटकॉइनचा भाव तेव्हा छत्तीस-सदतीस लाख रुपयांच्या घरात होता. माझ्या मालाचे सारे पैसे त्याने त्यात घातले होते. मी चिडलो, ते साहजिक होते. पण त्याने एक प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाचे उत्तर मला गल्ल्यावर बसून देता आले नाही. "तुमच्या गल्ल्यातली नोट तरी काय आहे? कागदच ना? तिच्यामागे सोने नाही, चांदी नाही. मग तुमचा कागद खरा आणि माझे नाणे खोटे, हे कोणत्या शरिअतमध्ये लिहिले आहे?"

त्यानंतर मी आलिमांना विचारत राहिलो, उर्दूतील जुनी पुस्तके काढून बसलो. जे समजले ते व्यापारी बांधवांसमोर ठेवत आहे. मी मुफ्ती नाही. फतवा देणे माझे काम नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

नोट ही पावती की पैसा?

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळात अरबस्तानात स्वतःचे नाणे नव्हते. सोन्याचा दीनार रोमी राज्यातून येई, चांदीचा दिरहम इराणातून. त्यावर परक्या राजांच्या तसबिरी असत. तरीही बाजारात तेच चालत, आणि जकात व मेहरही त्यांतच दिली जाई. इस्लामी मजकुराचे स्वतंत्र नाणे खलीफा अब्दुल मलिक बिन मरवान यांच्या काळात, हिजरी ७७ च्या सुमारास पडले. म्हणजे नाणे कोणी पाडले हा पहिला प्रश्न नव्हता. त्यात किती धातू आहे आणि लोक ते घेतात का, हे पाहिले जाई. सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ या सहा वस्तूंबद्दलची हदीस आपल्याला ठाऊक आहे. एकाच जातीची वस्तू असेल तर समसमान आणि हातोहात, जात वेगळी असेल तर कमी-जास्त चालेल पण हातोहातच. व्याजबंदीचे बरेचसे मसले याच हदीसभोवती फिरतात.

मग धातू नसलेल्या पैशाचे काय? हा प्रश्न नवा नाही. इमाम मालिक (रह.) यांच्या मतांचा संग्रह 'अल-मुदव्वना' यात असे मत आढळते की, लोकांनी चामड्यालाच चलन मानले तर त्याचाही सोन्या-चांदीशी उधारीने बदला त्यांना पसंत नव्हता. हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. चामड्याचा तुकडासुद्धा लोकांच्या मान्यतेने पैशाच्या नियमांत येऊ शकतो, हा विचार बाराशे वर्षांपूर्वीचा आहे. इमाम गजाली (रह.) यांनी पैशाला आरशाची उपमा दिली. आरशाला स्वतःचा रंग नसतो, पण तो प्रत्येक रंग दाखवतो. पैसा वस्तूंचे मोल दाखवण्यासाठी आहे, तो स्वतःच वस्तू होऊन विकला जाऊ लागला की बिघाड होतो, असा त्यांचा आशय आहे.

लोकांची मान्यता हुकमाने मिळत नाही, हेही इतिहासात दिसते. १२९४ मध्ये तबरेजच्या बाजारात इलखानी बादशहा गैखातूने चिनी पद्धतीची कागदी नोट काढली. त्यावर कलिमाही छापला होता. दुकाने बंद पडली आणि नोट मागे घ्यावी लागली. आपल्या इथले उदाहरण तर घरचेच आहे. मुहम्मद बिन तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास पितळ-तांब्याचे टंके काढून ते चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालवायला सांगितले. दिल्लीप्रमाणे दौलताबादच्या टांकसाळीतही ते पडले. सुलतानाची आज्ञा पाळणे म्हणजे अल्लाहची आज्ञा पाळणे, अशा अर्थाचा मजकूर त्या नाण्यावर होता. धर्माचे वजन घालूनही नाणे चालले नाही. घरोघरी खोटे टंके पडू लागले, आणि दोन-तीन वर्षांत सुलतानाला खजिन्यातून खरे सोने-चांदी देऊन ते परत घ्यावे लागले. तुघलकाला आपण वेडा म्हणतो, पण त्याने नाणी परत घेऊन लोकांना मोल दिले, ही गोष्ट कोणी सांगत नाही.

आपल्या देशात सरकारी कागदी नोट १८६१ च्या कायद्याने आली. त्या वेळचा चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा होता, आणि नोट खजिन्यात दिली की तो मिळे. साहजिकच आपल्या उलेमांपैकी अनेकांनी नोटेला पावती मानले. मौलाना रशीद अहमद गंगोही (रह.) यांचे मत असेच होते. याचे परिणाम व्यवहारात मोठे होते. पावती म्हणजे पैसा नव्हे, म्हणून गरिबाच्या हातात जकातीची नोट ठेवली तरी त्याने ती वापरीपर्यंत जकात अदा झाली नाही. नोट देऊन सोने घेणे कठीण, कारण सोन्याचा व्यवहार हातोहात हवा आणि इथे एका बाजूला नुसती चिठ्ठी. याच्या उलट मौलाना अहमद रजा खान बरेलवी (रह.) यांनी १९०६ च्या सुमारास मक्का मुकर्रमा येथे असताना, तिथल्या उलेमांच्या प्रश्नांवरून अरबीत एक पुस्तिका लिहिली आणि नोट ही पावती नसून स्वतःच माल आहे असे मांडले. दोन्ही बाजूंचे लोक आज इतर कितीतरी गोष्टींवर भांडतात, पण या एका बाबतीत काळाने निकाल लावला. १९१७ मध्ये युद्धामुळे चांदी कमी पडली तेव्हा एक रुपयाची नोट निघाली. १९४० मध्ये रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि स्वातंत्र्याच्या सुमारास ती पूर्ण गेली. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे थांबवले, आणि जगातल्या सर्वच नोटांची सोन्याशी असलेली शेवटची गाठ सुटली.

आपल्या नोटेवर गव्हर्नरांचे वचन छापलेले असते. पण शंभराची नोट घेऊन रिझर्व्ह बँकेत गेलात तर शंभराची दुसरी नोट किंवा नाणीच मिळतील. कायद्याप्रमाणे सगळ्या चलनामागे किमान दोनशे कोटींचा साठा हवा, त्यात एकशे पंधरा कोटींचे सोने. एवढ्या मोठ्या देशाच्या चलनापुढे हा आकडा म्हणजे लग्नाच्या पंगतीत चिमूटभर मीठ. म्हणून आता नोटेला पावती म्हणण्यात अर्थ उरला नाही. १९८६ मध्ये अम्मान येथे जिद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने कागदी चलनाला पूर्ण पैशाचा दर्जा दिला, म्हणजे त्यावर व्याजाचे, जकातीचे सगळे नियम सोन्या-चांदीसारखेच लागू. आपल्याकडच्या निकाहाच्या वेळी काजीसाहेब मेहरची रक्कम सांगून पुढे 'सिक्का-ए-राइजुल-वक्त' म्हणतात. त्या वेळी जे चालते ते नाणे. हे शब्द मी शेकडो निकाहांत ऐकले, अर्थ या वयात लागला.

मुलाचे म्हणणे कुठे खरे आहे

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. नोटेमागे सोने नाही, लोकांची मान्यता आहे, हे त्याचे म्हणणे बरोबर आहे. आपण ते नाकारून चालणार नाही. शिवाय नोटेचा मालक आपल्याशी नेहमी प्रामाणिक राहतो असेही नाही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. देशातल्या चलनापैकी मोलाने ८६ टक्के नोटा त्या होत्या. यंत्रमागाचा पगार आठवड्याला रोखीने होतो. त्या आठवड्यात कामगाराला द्यायला सुटे नव्हते, सूतवाल्याला द्यायला नवे नव्हते, आणि लूमचा खडखडाट कितीतरी गल्ल्यांत थांबला. पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितले की ९९.३ टक्के नोटा परत आल्या. ज्यांच्या राहिल्या, त्यांच्यासाठी २०१७ च्या कायद्याने बँकेची देणेदारीच संपवली. छापील वचन होते, ते कायद्याने पुसले. आमच्या गल्लीतल्या एका म्हातारीच्या कुराणाच्या जुजदानात हजारच्या तीन नोटा पुढे दोन वर्षांनी सापडल्या. तिने कफनासाठी ठेवल्या होत्या.

लेबनॉनचे तर विचारूच नका. तिथे एका डॉलरला सुमारे पंधराशे लिरा हा भाव वर्षानुवर्षे होता. २०१९ नंतर तो कोसळत २०२३ मध्ये नव्वद हजारांच्या घरात गेला. ज्यांनी प्रामाणिकपणे घाम गाळून लिरा साठवले त्यांची आयुष्याची कमाई कागद झाली. अशा माणसाने मोबाईलमधल्या नाण्यात काही ठेवले तर त्याला जुगारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मग बिटकॉइन आहे तरी काय? व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर ती एक खतावणी आहे. कोणाच्या नावे किती जमा आणि कोणी कोणाला दिले, एवढ्याच नोंदी. फरक इतकाच की वही एका मुनीमाकडे नाही, जगभरातल्या हजारो संगणकांवर तिच्या सारख्याच प्रती आहेत, म्हणून एकट्याला खाडाखोड करता येत नाही. जो संगणक नवे पान बरोबर जोडतो त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. साधारण दहा मिनिटांनी एक पान. २००९ मध्ये पानामागे पन्नास नाणी होती, दर चार वर्षांनी निम्मी होत २०२४ पासून ३.१२५ झाली आहेत. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांवर कधी जाणार नाहीत. ही योजना सातोशी नाकामोतो या नावाने २००८ मध्ये मांडली गेली. हे नाव कोणाचे, हे आजवर सिद्ध झालेले नाही. वही पक्की आहे, हे मी मान्य करतो. पण वहीत ज्या वस्तूची नोंद आहे ती वस्तू कुठे? सुताचे बाचके नाही, ताका नाही, जमीन नाही. नोंद हीच वस्तू.

उलेमांमध्ये यावर एकमत नाही. इजिप्तच्या मुफ्तींनी २०१८ च्या सुरुवातीला हराम म्हटले. तुर्कस्तानच्या धर्मखात्याने २०१७ मध्येच नापसंती दिली होती. देवबंदच्या दारुल इफ्तानेही हिला काल्पनिक वस्तू म्हटले आहे. इंडोनेशियाच्या उलेमा कौन्सिलने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून हराम, पण ठराविक अटी पुऱ्या करणारी व उपयोग असलेली मालमत्ता म्हणून व्यवहार चालेल, असा मधला मार्ग काढला. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिअत मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारातील खरेदी-विक्रीला परवानगी दिली. जिद्दाच्या अकादमीने २०१९ मध्ये आणखी अभ्यास हवा म्हणून निर्णय पुढे ढकलला. जे हलाल म्हणतात त्यांचा आधार तोच चामड्याच्या नाण्याचा आहे: लोकांनी मानले की पैसा.

माझे मत विचाराल तर, लोकांनी मानले आहे का, इथेच अडते. मालेगावात, भिवंडीत, इचलकरंजीत कोणी तरी ताक्याचा भाव बिटकॉइनमध्ये सांगतो का? कामगार त्यात मजुरी मागतो का? ज्याच्याकडे ते आहे तोसुद्धा त्याचा भाव रुपयात किंवा डॉलरमध्ये मोजतो. गजालींचा आरसा इथे उलटा झाला आहे. हे नाणे कशाचे मोल दाखवत नाही, उलट त्याचे मोल पाहायला दुसरा आरसा लागतो. एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये कायद्याने बिटकॉइनला चलन केले, आणि जानेवारी २०२५ मध्ये तोच कायदा सैल करून ते घेणे व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडले. तबरेजच्या नोटेची आठवण होते. म्हणून मी याला आज पैसा मानत नाही. फार तर भाव असलेली, पण उपयोग ठरायचा असलेली एक वस्तू. उद्या बाजार बदलला तर माझे मतही बदलू शकते.

मात्र या बाजारात जे चालते त्यातले पुष्कळसे ओळखायला मुफ्तींकडेही जावे लागत नाही. हातात नसलेले नाणे विकणे, शंभर रुपये ठेवून दोन हजारांचा सौदा करणे, नाणी ठेवून ठरलेला टक्का घेणे, भाव फुगवायला खोटी बोली लावणे. यांतल्या प्रत्येकाची मनाई सट्टा, रिबा आणि नजशच्या मसल्यांत आहे. सुताच्या बाजारात भाव चढवण्यासाठी खोटी मागणी उठवणारे दलाल आपणही पाहिले आहेत. तिथे निदान शेवटी सूत तरी असते. आपल्या महाराष्ट्रात 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असे आमिष दाखवून लोकांना बुडवले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये सूत्रधारांना पकडले. पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. दरमहा दहा टक्के ऐकूनही ज्यांना हे व्याजापेक्षा वेगळे वाटले त्यांना काय म्हणावे?

एक गोष्ट येथे वेगळी सांगितली पाहिजे, कारण ती आता कापडाच्या बाजारातही शिरली आहे. यूएसडीटी नावाचे नाणे. एक नाणे म्हणजे एक डॉलर, असे काढणारी टेदर कंपनी म्हणते. बाहेर माल पाठवणाऱ्या काहींना पैसे यातून देऊ का, असे विचारले जाते. मलाही विचारले गेले, मी नाही म्हटले. गंमत पाहा, गंगोही साहेबांनी नोटेला जे म्हटले तेच नेमके हे आहे: पावती. तर मग पावतीचेच प्रश्न विचारायला हवेत. पैसा खरोखर ठेवला आहे का? २०२१ मध्ये अमेरिकेच्या वायदेबाजार आयोगाने साठ्याबद्दल चुकीची माहिती दिल्यावरून या कंपनीला ४ कोटी १० लाख डॉलरचा दंड केला. शिवाय साठ्याचा मोठा भाग अमेरिकन सरकारच्या व्याजी रोख्यांत असतो. परकीय चलनाच्या कायद्याचा प्रश्न आहे तो निराळाच.

पुढे काय झाले

जून २०२२ पर्यंत भाव निम्म्याहून खाली आला होता. मुलगा म्हणत होता, थांबा. सूरह बकराच्या २८० व्या आयतीत अडचणीतल्या देणेकऱ्याला सवलत द्या, माफ केले तर अधिक चांगले, अशी शिकवण आहे. पण ज्याच्यापाशी देण्याइतके आहे आणि तो टाळतो, त्याला हदीसमध्ये जालीम म्हटले आहे. हा मुलगा या दोघांपैकी कोण, हे मला ठरवता येईना. त्याच्यापाशी होते आणि नव्हतेही. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स ही मोठी पेढी बुडाली, भाव साडेतेरा लाखांच्या आसपास आला, आणि त्याच्या वडिलांचा धीर सुटला. त्यांनी मुलाला विकायला लावले. सहा लाख चाळीस हजारांचे दोन लाख तीस हजार झाले होते. तोटा आयकरात कुठे वजा होत नाही. २०२२ पासूनचा नियम असा की नफा झाला तर तीस टक्के कर, तोटा झाला तर तुमचा तुम्ही. बाकीची रक्कम त्यांनी आपले काही जुने लूम विकून हप्त्यांनी दिली. मी त्यांना म्हटले, भाईसाहब, लूम विकू नका, मी वर्षभर थांबतो. ते ऐकले नाहीत. शेवटचा हप्ता २०२४ च्या रमजानमध्ये आला.

मला मिळाले ते बरोबर सहा लाख चाळीस हजार. अडीच वर्षांत रुपयाचे मोल कमी झाले, सूत महागले, मजुरी वाढली, मग घट मागायची का? इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते जेवढी नाणी दिली तेवढीच परत. इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी हलक्या धातूच्या नाण्यांबाबत मोल पाहावे असे म्हटले. इब्ने आबिदीन शामी यांनी या विषयावर स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली आहे. जिद्दाच्या अकादमीने डिसेंबर १९८८ मध्ये कुवैत येथे ठरवले की कर्ज संख्येनेच फिटते, महागाईशी जोडता येत नाही. मी तेच धरले. त्यात माझे नुकसान झाले, हे लपवत नाही. ज्यांना दीर्घ मुदतीची रक्कम ठरवायची आहे त्यांच्यासाठी एक वाट मात्र खुली आहे. मेहर रुपयांत न ठरवता मेहर-ए-फातिमीप्रमाणे १५३० ग्रॅम ९०० मिलिग्रॅम चांदी अशी लिहावी. आमच्या घरातले गेल्या काही वर्षांतले निकाह आम्ही असेच लावले.

डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइन एक लाख डॉलरच्या वर गेला. मुलगा दुकानात आला, बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "चाचा, आज ते चौदा लाख असते. अब्बांचे लूमही राहिले असते." यावर मी त्याला म्हटले की पैसे तुझे असते तर तुझे म्हणणे मी ऐकून घेतले असते, पण ते माझ्या मालाचे होते आणि मी भागीदार नव्हतो. तो "हो" म्हणाला. पण त्याचे लक्ष मोबाईलकडे होते.

हल्ली तो माझ्याकडून रोखीनेच माल उचलतो आणि दोन टक्के कटौती घेतो. रोखीचा भाव आणि मुदतीचा भाव सौद्याच्या वेळीच वेगळे ठरले तर हरकत नाही, असे आमच्या मुफ्ती साहेबांनी सांगितले आहे. गेल्या रमजानमध्ये त्याने मला आणखी एक विचारले. त्याच्याकडे थोडी नाणी अजून आहेत, जकातीचे काय? मी त्याला मुफ्ती साहेबांकडेच नेले. त्यांचे म्हणणे पडले की व्यवहार त्यांना पसंत नाही, पण विकण्यासाठी घेतलेली वस्तू आहे तर वर्ष पुरे होईल त्या दिवसाच्या बाजारभावाने अडीच टक्के काढावेत, खरेदीच्या भावाने नव्हे. मुलाने तारीख आणि भाव दुकानातच वहीत लिहून घेतला.